नाइकुंडचें किट्ट आणि पांडुरोगाचे मंडूरयोग

वैद्यकाच्या हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांस मंडूर हा शब्द नवा नाहीं. लोखंड गाळतांना जो मळ उरतो, त्यासच लोहकिट्ट अथवा मंडूर म्हणतात. रसग्रंथकारांनीं त्याची प्रत वयावरून ठरविली आहे: शंभर वर्षांचें किट्ट उत्तम, ऐंशींचें मध्यम, साठांचें अधम, त्याहून कोवळें तें विषासमान.

नागपूर जिल्ह्यांत पेंच नदीच्या परिसरांत नाइकुंड गांव आहे. तेथें शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांनीं १९७८ ते १९८० या काळांत केलेल्या उत्खननांत लोखंड गाळण्याची महापाषाणीय भट्टी व तिचा मळ सांपडला. चरकसंहितेच्या आजच्या पाठाहून ही भट्टी शतकानुशतकें जुनी आहे. अर्थात् तेथील किट्ट कोणी औषधार्थ नेलें, असें म्हणण्यास पुरावा नाहीं. विदर्भांत हा पदार्थ होता, एवढेंच सिद्ध होतें.

चरकाच्या चिकित्सास्थानाचा सोळावा अध्याय पांडुरोगाचा आहे. त्यांतील नवायस चूर्णांत त्रिकटु, त्रिफला, मुस्ता, विडंग व चित्रक हीं नऊ द्रव्यें एकेक भाग आणि लोहचूर्ण नऊ भाग आहे. तेथेंच पुनर्नवामंडूर हा योग येतो. त्यांतील मंडूर गोमूत्रांत शिजवून बोराएवढ्या गोळ्या कराव्या व ताकांत कालवून घ्याव्या, असें सांगितलें आहे. याच्या फलश्रुतींत पांडूबरोबर श्वयथु, म्हणजे सूज, हीही गणली आहे.

मूत्रपिंड बिघडलेल्या रोग्यांत सूज व फिकटपणा पुष्कळदां एकत्र आढळतात, हें आज सर्वश्रुत आहे. तेवढ्यावरून हा रोग चरकास ठाऊक होता, असें विधान करण्याचा मोह होतो. आम्हांस तें मान्य नाहीं. चरकानें पांडूचे पांच प्रकार मानले: तीन दोषांचे तीन, सन्निपाताचा चौथा व माती खाण्यानें होणारा पांचवा. यांत वृक्काचें नांव नाहीं. उलट विमानस्थानांत वृक्क हे मेदोवह स्रोतसांचें मूळ म्हटले आहेत. रक्तवह स्रोतसांचें मूळ यकृत् व प्लीहा. सूजही अनेक कारणांनीं येते.

रक्तकण घडविण्याचा निरोप देणारें द्रव्य वृक्कांत उपजतें, हें १९५७ मध्यें शिकागो येथील जेकबसन, गोल्डवॉसर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. १९७७ मध्यें रक्तक्षयाच्या रोग्यांच्या २,५५० लिटर मूत्रांतून तें शुद्ध करण्यांत आलें. १९८९ मध्यें अमेरिकेंत तें सुईनें देण्यास मान्यता मिळाली. गोळीचा मार्ग निराळा आहे. प्राणवायु कमी पडला म्हणजे पेशींतील एक प्रथिन टिकून राहतें व या द्रव्याची निर्मिति वाढवितें. प्राणवायु पुरेसा असतां एक विकर त्या प्रथिनाच्या नाशास कारण होतें. या विषयावरील शोधांबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांस २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या विकरास अडविणारी डेसिडुस्टॅट ही गोळी अहमदाबादच्या झायडस कंपनीनें तयार केली. भारतांत तिला मार्च २०२२ मध्यें मान्यता मिळाली.

लोहाचें प्रयोजन मात्र संपलें नाहीं. निरोप पोंचला तरी लोह नसेल तर रक्तकण नीट घडत नाहींत. लोह असून निरोप नसला तरी तीच गत. प्राचीनांनीं लोहाचा गुण ओळखला. निरोप व तो धाडणारा वृक्क यांचें ज्ञान अर्वाचीन आहे. दोहोंस आपापलें श्रेय द्यावें.

हा भेद केवळ पंडितांचा नव्हे. नीट सिद्ध न केलेल्या भस्मांत शिसें वा पारा असल्यास दुर्बळ वृक्कांस तो घातक होतो. यास्तव मंडूरयोगांच्या पोथ्या छापणाऱ्यांस आमची विनंति अशी कीं, पाठभेद द्यावे, लेखनकाळ द्यावा, परंतु "मूत्रपिंडाच्या पांडूवर रामबाण" अशी मल्लीनाथी पदरचीं करूं नये. पाठांतील चूक पुढील आवृत्तींत सुधारतां येते. रोग्यास दुसरी आवृत्ति नसते.