तान्ह्या बालकांची श्रवणपरीक्षा : एक इतिहास

मूल जन्मतः आंधळे असेल तर घरातील माणसांना त्याची चाहूल लवकर लागते. बहिरेपण मात्र लपून राहते. बहिरे तान्हे मूलही रडते, हसते, आरंभीचे काही महिने हुंकारही देते. दार जोराने आपटले तर हादऱ्याने दचकतेही. मग वडीलधारी मंडळी 'आपल्या घरात मुले उशिराच बोलतात' असा धीर देतात आणि भाषा ग्रहण करण्याचा अमोल काळ हातून निसटतो. जे बालक स्वतः काही सांगू शकत नाही, त्याच्या कानाची साक्ष काढावी कशी?

इंग्लंडमधील मँचेस्टर येथे अलेक्झांडर व आयरीन युइंग या दांपत्याने सन १९४४ मध्ये बालकांच्या श्रवणपरीक्षेविषयी आपले संशोधन मांडले. मूल आईच्या मांडीवर असताना त्याला न दिसेल अशा बेताने बाजूने खुळखुळा वाजवावयाचा आणि ते मान वळविते काय ते पाहावयाचे, अशी ही रीत. परंतु त्यासाठी मूल मान सावरण्याइतके मोठे, सुमारे सहा-सात महिन्यांचे असावे लागे. नवजात अर्भकासाठी निराळा मार्ग शोधणे भाग होते.

तो मार्ग विजेचा होता. कानात शिरलेला ध्वनी श्रवणतंतूंतून मेंदूकडे जातो तो सूक्ष्म विद्युत्-स्पंदांच्या रूपाने. १९३० मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात वीव्हर आणि ब्रे यांनी मांजराच्या श्रवणमार्गावरून असे संकेत टिपले. १९३९ मध्ये पॉलिन डेव्हिस यांनी आवाज होताच जागृत माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरी बदलतात असे दाखविले. तथापि मेंदूतील अन्य अखंड हालचालींत हा क्षीण प्रतिसाद बहुधा बुडून जाई.

लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनी १९५१ मध्ये अशा क्षीण संकेतांसाठी युक्ती काढली. उत्तेजन पुन्हा पुन्हा द्यावयाचे आणि प्रत्येक वेळच्या नोंदींची बेरीज करावयाची. व्यापारी वाचकांस हे सहज उमगेल. हजार व्यवहारांतील लहानसहान नफा-तोटा एकमेकांत जिरून जातो. परंतु प्रत्येक व्यवहारामागे ठरलेली एक पैशाची दलाली हजार वेळा साठून खात्यात स्पष्ट दिसते.

१९६० च्या दशकात हॅलोवेल डेव्हिस प्रभृतींनी संगणकाच्या साहाय्याने मेंदूच्या वरच्या स्तरातील प्रतिसाद मोजले; पण ते झोपेत बदलत, आणि तान्हे मूल तर बहुतांश वेळ झोपलेलेच! १९६७ मध्ये जेरुसलेमच्या सोहमर व फाइनमेसर यांनी कानाच्या पाळीवरून श्रवणतंतूंचा प्रतिसाद टिपला. १९७०-७१ मध्ये अमेरिकेत डॉन ज्युएट व सहकाऱ्यांनी आवाजानंतर सेकंदाच्या शंभराव्या भागात उमटणाऱ्या लहरी ओळखल्या व त्यांना रोमन क्रमांक दिले. या लहरी मस्तिष्कस्तंभाच्या मार्गातून येतात, म्हणून गाढ झोपेतही टिकतात. १९७४ मध्ये हेकॉक्स व गॅलाम्बोस यांनी हीच परीक्षा बालकांवर यशस्वी करून दाखविली.

आपल्याकडे ती 'बेरा' या नावाने परिचित आहे. झोपलेल्या बाळाच्या कपाळावर व कानांमागे विद्युत्-पट्ट्या चिकटवितात आणि कानात हजार-दोन हजार सूक्ष्म टकटक आवाज सोडतात. आवाज मंद करीत नेला की पाचवी लहर उशिरा उमटू लागते व अखेर लोपते. त्यावरून श्रवणशक्तीचा अंदाज बांधता येतो. सुई नाही, वेदना नाही.

१९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी कान स्वतःही अतिसूक्ष्म ध्वनी बाहेर टाकतो हे प्रसिद्ध केले आणि त्यातून आणखी सोपी प्राथमिक चाचणी निघाली. मात्र तीत कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंचा दोष निसटू शकतो. तेथे बेराच उपयोगी पडते.

१९९८ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो येथील अभ्यासातून दिसले की, सहा महिन्यांच्या आत बहिरेपण ओळखून साहाय्य मिळालेल्या मुलांची भाषा इतरांहून सरस होते. म्हणूनच पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाययोजना असा दंडक रूढ झाला. भारतात २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे.

पहिल्या चाचणीत बाळ उत्तीर्ण झाले नाही म्हणजे ते बहिरेच असे नव्हे. कानातील द्रवानेही तसे होते. परंतु पुनर्तपासणी टाळणे हा मात्र अक्षम्य प्रमाद होय. विज्ञानाने मुक्या साक्षीदाराची साक्ष मिळवून दिली आहे. ती वेळेवर ऐकणे हे घरातील वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.