कर्णबधिरांचा टेलिफोन

टेलिफोनचा शोध लावणारा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा पेशाने कर्णबधिरांचा शिक्षक होता. त्याच्या आईला नीट ऐकू येत नसे. पुढे ज्या मेबल हबर्डशी त्याचा विवाह झाला, तिची श्रवणशक्ती पाचव्या वर्षी तापाच्या आजारात गेली होती. १८७६ साली बेलला पेटंट मिळाले, आणि अशा घरातून निघालेले यंत्र पुढची जवळजवळ नव्वद वर्षे कर्णबधिरांच्या काहीच उपयोगाचे नव्हते. उलट, टेलिफोन जसजसा घरोघर गेला तसतशी त्यांची अडचण वाढत गेली. डॉक्टरांची वेळ, नोकरीची चौकशी, आगीची वर्दी ही सारी कामे पूर्वी समक्ष किंवा चिठ्ठीने होत. ती आता तारेवरून होऊ लागली. घरात ऐकू येणारे मूल असेल तर आठ-दहा वर्षांच्या त्या पोराने आईबापांच्या आजारपणाच्या आणि कर्जाच्या गोष्टी फोनवर बोलायच्या. नसेल तर शेजाऱ्याचे दार ठोठवायचे.

या कोंडीतून वाट काढली ती तीन कर्णबधिर अमेरिकनांनी. रॉबर्ट वाइटब्रेख्ट हा भौतिकशास्त्रज्ञ आणि हौशी रेडिओचालक. जेम्स मार्स्टर्स हा पॅसाडेनाचा दंतवैद्य. अँड्र्यू सॅक्स हा व्यावसायिक. रेडिओवरून टेलिप्रिंटर चालवण्याचा सराव वाइटब्रेख्टला होताच. तेच काम साध्या टेलिफोनवरून का होऊ नये, असा मार्स्टर्सचा प्रश्न होता. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात दोन टेलिप्रिंटर नेहमीच्या टेलिफोन लाइनवरून एकमेकांशी बोलले.

यातली युक्ती समजून घेण्याजोगी आहे. वाइटब्रेख्टने टेलिफोनची तार तोडली नाही की जोडली नाही. त्याच्या उपकरणावर रिसीव्हर नुसता आडवा ठेवायचा. टाइप केलेल्या अक्षराचे दोन वेगळ्या सुरांत रूपांतर होई, ते सूर रिसीव्हरमधून पलीकडे जात आणि तिथले यंत्र त्यांची पुन्हा अक्षरे करी. वेग मिनिटाला साठ शब्दांच्या आसपास. एका वेळी एकालाच टाइप करता येई, म्हणून आपले वाक्य संपले की 'जीए', म्हणजे 'आता तुम्ही', असे लिहायची पद्धत पडली. संभाषण संपवताना 'एसके'.

तार न जोडण्यामागे नियमाचेही कारण होते. अमेरिकेत टेलिफोनवर एटी अँड टी कंपनीची जवळपास मक्तेदारी होती आणि ग्राहकाने लाइनला परके उपकरण लावण्यास तिच्या नियमांत मनाई होती. ही मनाई किती टोकाची होती हे 'हश-ए-फोन'च्या खटल्यावरून दिसते. बोलणे शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून रिसीव्हरवर बसवायचा तो एक साधा कप. त्यालाही कंपनीने विरोध केला, आणि ग्राहकाला तो वापरू द्यावा असा निकाल १९५६ मध्ये न्यायालयाकडून मिळवावा लागला. पुढे १९६८ मध्ये 'कार्टरफोन' प्रकरणात फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने परक्या उपकरणांवरील सरसकट बंदी अवैध ठरवली. कार्टरफोनचा कर्णबधिरांशी संबंध नव्हता. ते रेडिओ आणि टेलिफोन जोडणारे यंत्र होते. पण त्या निकालाने सर्वच उपकरणांची वाट मोकळी झाली.

त्याच वर्षी एटी अँड टीने वापरातून काढलेले टेलिप्रिंटर कर्णबधिरांना देण्याचे मान्य केले. ती अवजड यंत्रे गोळा करणे, दुरुस्त करणे, घरोघर पोचवणे यासाठी इंडियानापोलिसला संघटना उभी राहिली, आणि असे यंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांची स्वतंत्र टेलिफोन डिरेक्टरीही निघू लागली.

तरी दोन गोष्टी शिल्लक होत्या. पहिली, बिलाची. टाइप करायला बोलण्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, त्यामुळे त्याच मजकुराचा ट्रंककॉल कर्णबधिराला काही पटींनी महाग पडे. दुसरी, यंत्र ज्याच्याकडे नाही त्याच्याशी बोलायचे कसे? यावर उपाय म्हणजे मध्यस्थ: टाइप केलेले वाचून दाखवणारा आणि ऐकलेले टाइप करणारा माणूस. हे काम आधी स्वयंसेवक करत. मग काही राज्यांनी ते उचलले. कॅलिफोर्नियाने १९८७ मध्ये राज्यभर अशी सेवा सुरू केली.

२६ जुलै १९९० रोजी अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच्या चौथ्या प्रकरणाने टेलिफोन कंपन्यांना तीन वर्षांत देशभर रिले सेवा उभी करण्याचे बंधन घातले. या अभ्यासात मला सर्वांत मोलाचा दस्तऐवज वाटला तो हाच. त्यातले नियम बारीक आहेत. सेवा चोवीस तास हवी. तेवढ्याच अंतराच्या बोलण्याच्या कॉलपेक्षा जास्त दर नको. मध्यस्थाने संभाषण बाहेर सांगायचे नाही, बदलायचे नाही, आटोपते घ्यायला लावायचे नाही. आणि खर्च? तो कर्णबधिरांकडून घ्यायचा नाही; कंपन्यांमार्फत तो सर्व ग्राहकांवर वाटला जाईल. दानधर्म म्हणून चाललेली गोष्ट इथे टेलिफोन व्यवस्थेचाच भाग झाली. तंत्र १९६४ चे, देशभरची सेवा १९९३ ची. मधल्या २९ वर्षांत कमी होता तो खर्च कोणी सोसायचा याचा निर्णय.

आपल्याकडचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. ऐंशीच्या दशकाअखेरीस आणि नव्वदच्या दशकात गावोगावी एसटीडी-पीसीओचे पिवळे बूथ आले, आणि ते वाटताना अपंगांना प्राधान्य होते. महाराष्ट्रातल्या कितीतरी एसटी स्टँडांवर तीनचाकी सायकल बाजूला लावून मीटर पाहणारा बूथवाला अनेकांना आठवेल. त्या धोरणाने हजारोंच्या घरी चूल पेटली, हे विसरता कामा नये. पण त्यात अपंग माणूस फोन चालवणारा होता. फोन करणारा म्हणून त्याचा विचार नव्हता. अमेरिकेसारखी, कायद्याने बंधनकारक अशी रिले सेवा इथे झाली नाही. आपल्या कर्णबधिरांना टेलिफोन खऱ्या अर्थाने हाती आला तो मोबाइलच्या एसएमएसने आणि नंतर व्हिडिओ कॉलने, म्हणजे इतरांसाठी केलेल्या सोयीतून.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती आणि दळणवळणाची साधने सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. २०१८ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, या विषयावर स्वतंत्र शिफारशी केल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गेलेल्यांची व अंधांची तक्रार होती: केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवा म्हणतात, ती आम्ही कशी मिटावी?

हा प्रश्न वाचला की १९५६ चा तो कप आठवतो. दोन्ही ठिकाणी यंत्र अपुरे नव्हते. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकाच प्रकारचा ग्राहक होता. म्हणून यापुढे सुगमतेची कोणतीही घोषणा झाली की मी तीन गोष्टी तपासतो: नियम बंधनकारक आहे का, मुदत किती, आणि खर्च कोणाच्या बिलात जाणार. अमेरिकेच्या कायद्यात या तिन्हींची उत्तरे छापलेली होती. आपल्या कायद्यात जबाबदारी लिहिली आहे. बिलाचे उत्तर अजून लिहायचे आहे.