पूना, नाटेकर आणि थॉमस करंडक

धायरीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांना जाळी बांधून रोज संध्याकाळी बॅडमिंटन चालते. सिंहगडाकडून वारा सुटला की फूल भलतीकडेच जाते आणि खेळापेक्षा वाद अधिक रंगतो. अशाच एका वादात एका शेजाऱ्यांनी निर्णायक मुद्दा मांडल्याच्या आविर्भावात सांगितले, "अहो, हा खेळच मुळी आपल्या पुण्याचा. याचे पहिले नाव पूना!" विधान खोटे नाही. परंतु एवढे म्हणून आपण थांबतो, आणि पुढच्या दीडशे वर्षांत या खेळाचे व आपले काय झाले हा प्रश्न तसाच राहतो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला थॉमस करंडकाचा इतिहास फार उपयोगी वाटला. व्यक्तीचे कर्तृत्व आणि समूहाचे यश यांचा जो झगडा साहित्याच्या इतिहासात आपण वर्गात शिकवतो, त्याचे एक स्वच्छ, आकड्यांत मांडलेले रूप तिथे दिसते.

आधी पुण्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे व खडकी येथील छावण्यांतील इंग्रज अधिकारी मैदानात जाळी बांधून हा खेळ खेळत. त्याचे नियम प्रथम पुण्यात लिहिले गेले असे मानतात आणि त्यासाठी १८७३ हे साल सहसा सांगितले जाते. वारा असला किंवा हवा ओलसर असली की पिसांच्या फुलाऐवजी लोकरीचा चेंडू वापरत. म्हणजे आमच्या पार्किंगमधील वाद तेव्हाही होताच, फक्त त्यांनी त्यावर तोड काढली होती. निवृत्त होऊन परतलेल्या अधिकाऱ्यांनी हा खेळ इंग्लंडला नेला आणि ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या बॅडमिंटन हाउस या वाड्याचे नाव त्याला चिकटले. पूना हे नाव मागे पडले. मात्र ते नियम पुण्यात झाले असले तरी पुणेकरांचे नव्हते. ज्या मैदानांवर तो खेळला जाई तेथे सदाशिव पेठेतील माणसाला कोणी रॅकेट देत नव्हते. गावाचे नाव खेळाला मिळणे आणि खेळ गावाचा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तो पुण्याचा झाला पुष्कळ नंतर, आणि मला वाटते, घराघरांतून झाला. त्यातले एक घर आपल्या, म्हणजे भाषा-साहित्य शिकवणाऱ्यांच्या, जवळचे आहे. दि. ब. देवधर हे पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक होते. क्रिकेटमध्ये १९२६ साली एम.सी.सी.च्या संघाविरुद्ध त्यांनी काढलेल्या १४८ धावा प्रसिद्धच आहेत. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या तिन्ही कन्या बॅडमिंटन खेळल्या आणि १९४०च्या दशकात या देवधर भगिनींनी राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्या काळी मध्यमवर्गीय मराठी घरातील मुलींनी रॅकेट घेऊन परगावी स्पर्धेला जाणे ही काय गोष्ट होती, याची कल्पना त्या काळच्या कादंबऱ्या वाचलेल्यांना सहज येईल. क्रीडा-इतिहासात वडिलांवर प्रकरणे आहेत, मुलींवर एखादा परिच्छेद. हे जाता जाता नोंदवतो.

आता करंडकाकडे. सांघिक आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे बहुतेक करंडक कुणातरी एका हौशी माणसाच्या नावाने चालतात. टेनिसचा डेव्हिस करंडक १९०० साली हार्वर्डमधील ड्वाइट डेव्हिस या विद्यार्थ्याने दिला. गोल्फचा रायडर करंडक, ज्याची पहिली लढत १९२७ साली अमेरिकेत वुस्टर येथे झाली, तो सॅम्युएल रायडर या बियाण्यांच्या व्यापाऱ्याचा. बॅडमिंटनचा करंडक देणारे सर जॉर्ज थॉमस या मंडळींत सर्वांत विलक्षण. १९२० ते १९२३ अशी सलग चार वर्षे ते ऑल इंग्लंडचे एकेरी विजेते होते. विंबल्डनला टेनिस खेळले. आणि बुद्धिबळात १९२३ व १९३४ साली ब्रिटनचे विजेते ठरले. १९३४-३५च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी कापाब्लांका आणि बोटविनिक या दोघांनाही हरवले होते. १९३४ साली आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ स्थापन झाला तेव्हा तेच पहिले अध्यक्ष झाले. १९३९ साली त्यांनी करंडक देऊ केला, पण मध्ये महायुद्ध आले आणि पहिली स्पर्धा १९४८-४९ साली झाली. दहा देश उतरले. प्रेस्टन येथील अंतिम लढतीत मलायाने डेन्मार्कला ८-१ असे हरवले. इंग्रजी साहेबाचा करंडक इंग्लंडमध्येच, अजून स्वतंत्रही न झालेल्या एका वसाहतीने उचलला. इंग्लंडला तो आजवर मिळालेला नाही.

या करंडकाच्या झाकणावर रॅकेट घेतलेल्या खेळाडूची छोटी आकृती आहे. रायडर करंडकावरही तशीच गोल्फ खेळणाराची आकृती आहे. ती रायडरचे शिक्षक एब मिचेल यांची. दोन्ही सांघिक करंडक, आणि दोन्हींच्या माथ्यावर माणूस मात्र एकटा!

हा विरोधाभास शिल्पकाराच्या हातून झाला असेल. नियम करणाऱ्यांच्या हातून नाही. थॉमस करंडकाच्या मूळ नियमांनुसार प्रत्येक लढतीत नऊ सामने असत, पाच एकेरीचे आणि चार दुहेरीचे, दोन दिवसांत विभागलेले. पहिले दोन एकेरी खेळाडू प्रतिपक्षाच्या पहिल्या दोघांशी आळीपाळीने खेळत, तिसरा तिसऱ्याशी; दोन जोड्या समोरच्या दोन्ही जोड्यांशी. आता साधा हिशोब करून पाहावा. एखादा खेळाडू कितीही थोर असला आणि दुहेरीतही उतरला, तरी तो जास्तीत जास्त चार सामन्यांत भाग घेऊ शकतो. जिंकायला पाच लागतात. याउलट डेव्हिस करंडकाच्या जुन्या पद्धतीत पाच सामने असत. त्यांपैकी दोन एकेरी आणि एक दुहेरी असे तीन एकच खेळाडू जिंकून लढत खिशात घालू शकत असे. रायडर करंडकात तर अठ्ठावीस गुणांपैकी एका खेळाडूच्या वाट्याला पाचच सामने येऊ शकतात. पण गोल्फमध्ये बारा जणांचा संघ असतो, तिथे ते अपेक्षितच. बॅडमिंटनमध्ये मात्र एका माणसाला विजयाच्या अगदी उंबऱ्यापर्यंत नेऊन नियम तिथेच थांबवतो.

हे सगळे मांडण्याचे कारण नंदू नाटेकर. १९३३ साली सांगलीत जन्मलेले नाटेकर आधी टेनिस खेळत. १९५०च्या दशकाच्या आरंभी कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि पुढे बॅडमिंटनकडे वळले. १९५३ साली वयाच्या विसाव्या वर्षी राष्ट्रीय एकेरी विजेतेपद; एकूण सहा वेळा. १९५६ साली क्वालालंपूर येथील सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा बॅडमिंटनसाठी पहिले नाव त्यांचे होते. थॉमस करंडकात १९५१ ते १९६३ या काळात त्यांनी सोळांपैकी बारा एकेरी सामने जिंकले आणि सोळांपैकी आठ दुहेरी. ज्या संघाच्या पहिल्या खेळाडूचा हा हिशोब आहे, तो संघ अंतिम लढतीपर्यंत एकदाही पोहोचला नाही.

जवळ मात्र आला होता. १९५२ साली भारताने डेन्मार्कला ६-३ असे हरवले आणि पुढच्या लढतीत अमेरिकेकडून तो ४-५ असा हरला. एका सामन्याने. जिंकता तर सिंगापुरात मलायासमोर अंतिम लढत होती. १९५५ साली त्याच अमेरिकेला ६-३ असे नमवले आणि डेन्मार्कशी ३-६ असा पराभव पत्करला. त्यानंतर पुन्हा उपांत्य फेरी दिसायला १९७९ उजाडले आणि तिथेही डेन्मार्कच आडवा आला. नाटेकरांना ज्यांनी टेनिसमध्ये हरवले होते त्या कृष्णन यांचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. १९६६ साली कलकत्त्यात ब्राझीलच्या टॉमास कॉखविरुद्ध हरत आलेला पाचवा, निर्णायक सामना त्यांनी खेचून आणला आणि भारत डेव्हिस करंडकाच्या अंतिम लढतीत गेला. एका माणसाला संघ खांद्यावर घेता येईल असा खेळ नाटेकरांनी सोडला आणि ते ज्यात अशक्य होते तो धरला. हे त्यांनी ठरवून केले असे मी म्हणत नाही. पण आपल्या क्रीडालेखनात नाटेकरांच्या नजाकतीची वर्णने पानेच्या पाने येतात, आणि या आकड्यांचा विचार कोणी करत नाही, याची खंत वाटते.

करंडकाचा पुढचा इतिहास इंडोनेशिया आणि चीनचा आहे. तेथील प्रेक्षक हाही एक स्वतंत्र विषय आहे. १९६७ साली जकार्तातील अंतिम लढतीत प्रेक्षकांनी इतका गोंधळ घातला की मलेशिया ४-३ पुढे असताना पंचांनी खेळ थांबवला. उरलेला भाग न्यूझीलंडमध्ये खेळण्यास इंडोनेशियाने नकार दिला आणि करंडक मलेशियाला दिला गेला. १९८४ पासून नऊ सामन्यांचे पाच झाले, तीन एकेरी व दोन दुहेरी. तरी जुना धागा कायम राहिला: एका खेळाडूला फार तर दोन सामने, जिंकायला तीन.

आणि भारत? प्रकाश पदुकोण यांनी १९८० साली, पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ साली ऑल इंग्लंड जिंकली. दोन्ही शिखरे, दोन्ही एकेरीतली. आपण शिखरे मोजण्यात रमलो आणि दुहेरी हा एकेरीत न जमलेल्यांचा विभाग समजत राहिलो, असे माझे मत आहे. ते बदलायला बाहेरचा माणूस लागला. मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्रातील अमलापुरमचा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी, दोघेही उंच, दोघेही मागून स्मॅश मारणारे. त्यांची जोडी लावली ती टॅन किम हर या मलेशियन प्रशिक्षकांनी. पहिला करंडक जिंकणाऱ्या देशाचा हा माणूस.

१५ मे २०२२ रोजी बँकॉकमध्ये भारताने इंडोनेशियाला ३-० असे हरवले. आकडा एकतर्फी दिसतो, तसे नव्हते. उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाशी आणि उपांत्य फेरीत डेन्मार्कशी लढत २-२ अशी अडली होती आणि दोन्ही वेळा शेवटचा सामना एच. एस. प्रणॉय याने जिंकून दिला, दुसऱ्यांदा तर घोटा दुखावलेला असताना. त्या दोन्ही लढतींत लक्ष्य सेन हरला होता. अंतिम लढतीत पहिला गेम ८-२१ असा गमावूनही तो जिंकला. सात्त्विक-चिराग यांनी पहिला गेम गमावला, दुसऱ्यात हार एका गुणावर आली असताना तो २३-२१ असा फिरवला आणि तिसरा २१-१९ असा घेतला. मग किदंबी श्रीकांतने काम संपवले. प्रणॉयवर खेळण्याची वेळच आली नाही. दोन रात्री ज्याने संघ तारला तो अंतिम लढतीत कोर्टबाहेर बसून होता.

नाटेकर २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात वारले, ८८ वर्षांचे होऊन. साडेनऊ महिने आधी.

आमच्या पार्किंगमध्ये मी शेजाऱ्यांना यातले थोडेसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि जाळीकडे हात केला. दोन खांबांत जागा एकाच कोर्टाची आणि खेळायला आठ जण उभे. त्यामुळे आमच्याकडे एकेरी कोणी खेळतच नाही. "सर, तुम्ही माझ्या बाजूला या," ते म्हणाले, "आणि वारा आहे, फूल उंच मारू नका."