जाहीर आणि खाजगी

‘जाहीर’ हा शब्द मराठीत अरबीतून, फारसीच्या वाटेने आला. जे उघड आहे, चारचौघांस दिसते, ते जाहीर. जाहीर सभा, जाहीर लिलाव, जाहीरनामा ही सारी त्याच कुळातील भावंडे, जाहिरातही त्यांपैकीच. तेव्हा एकाच माणसासाठी बेतलेली आणि त्यालाच दाखवलेली जाहिरात हा शब्दार्थाने वदतोव्याघात होय. तथापि आज असा व्यवहार सर्वत्र रूढ झाला आहे. हा पालट पाहण्यास पनवेल तालुक्यातील उलवे हे स्थळ मोठे सोयीचे आहे.

खाडीकाठचा हा मुलूख भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी लोकांचा. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्या वेळी १८९४चा भूसंपादन कायदा लागू होता. जमीन घेण्याचा सरकारचा इरादा राजपत्रात छापावा आणि त्याचा आशय त्या त्या भागात सोयीच्या ठिकाणी लोकांस कळवावा, असे त्याचे चौथे कलम सांगे. भिंतीवर नोटीस आणि तोंडी दवंडी ही त्याची ओळखीची रीत. वार्ता सुखाची नव्हती, पण मजकूर सर्वांस एकच होता. आणि म्हणूनच त्याला उत्तरही सर्वांस मिळून देता आले. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी एकवटले. १६ आणि १७ तारखेस पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्यू पावले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या लढ्यातून निघाली.

त्याच भूमीवर आता घरांची विक्री चालते. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी बामणडोंगरी आणि खारकोपर येथवर लोकलगाडी आली. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला. ज्या विमानतळासाठी उलव्याचा डोंगर फोडण्यात आला, त्याचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले. सेतू आणि विमानतळ ही दोन नावे घराच्या जाहिरातीत न आली तरच नवल!

रस्त्याकडेचा फलक अजून जुन्या अर्थाने जाहीर आहे. कोणीही तो वाचावा आणि खोटा वाटल्यास शेजाऱ्याला दाखवून हसावे. मोबाइलवरील जाहिरातीचे तसे नाही. एखाद्याने उलव्यातील घराचा भाव एकदा शोधला की पुढे कित्येक दिवस बातम्या वाचताना, क्रिकेटचा धावफलक पाहताना घरेच त्याच्यासमोर येत राहतात. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ‘कुकी’ नावाची चिठ्ठी योजली. ग्राहकाने टोपलीत काय टाकले हे दुकानास आठवावे, एवढाच तिचा साधा उपयोग. जाहिरातवाल्यांनी मात्र तिच्यात माग काढण्याचे साधन पाहिले. पुढे पान उघडते न उघडते तोच त्यावरील जागेचा लिलाव होऊ लागला. वाचक कोण आहे, यावर बोली लागते. हा लिलाव मात्र जाहीर नव्हे! एका बाकावर बसलेल्या दोघांना दोन निरनिराळ्या जाहिराती दिसतात, आणि आपल्याला काय दाखवले गेले नाही हे दोघांपैकी एकासही कळत नाही.

त्याच मोबाइलवर माणसे एकमेकांशीही बोलतात, आणि तेथेही साक्षीदार नसतोच. चावडीवर बोलणाऱ्यास ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांस डोळा द्यावा लागे. पुढे ढकललेल्या निरोपाचा मूळ धनी कोण, हे कोणी विचारत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून सोलापूरकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांपलीकडे धाडण्यास मज्जाव करण्याचे योजले. निरोप पारखून मगच पुढे धाडावा, हा शिष्टाचार शिकवण्यासाठी त्या कंपनीने वृत्तपत्रांत मोठमोठ्या जाहिराती दिल्या आणि ऑगस्टमध्ये आकाशवाणीचाही आश्रय घेतला. खाजगी निरोपाने केलेली हानी निवारण्यास जुन्या, उघड माध्यमांचीच पायरी चढावी लागली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

घरखरेदीत कायद्याने थोडा उजेड पाडला आहे. नोंदणी आवश्यक असलेल्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो. १ ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही सक्तीचा झाला. जाहिरात एकट्यास दिसली तरी प्रकल्पाची नोंद सर्वांस पाहता येते. माणसाच्या माहितीविषयीचा कायदा ऑगस्ट २०२३मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. माहिती वापरण्यास संमती मागताना द्यावयाची नोटीस इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ठेवावी, असे त्यात आहे. हे कलम नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी अमलात यावयाचे आहे. त्यानंतर उलव्यातील रहिवाशास ही नोटीस मराठीत मागता येईल. भिंतीवर ती लागणार नाही, ज्याने त्याने आपापल्या मोबाइलवर वाचावयाची आहे.