ब्रेंडा हेल

ब्रेंडा मार्जोरी हेल, रिचमंडच्या बॅरोनेस हेल (जन्म : ३१ जानेवारी १९४५) या ब्रिटिश विधिज्ञ आणि निवृत्त न्यायाधीश आहेत. २०१७ ते २०२० या काळात त्या युनायटेड किंग्डमच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्ष होत्या. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. कौटुंबिक कायद्यातील सुधारणा आणि न्यायव्यवस्थेतील सामाजिक वैविध्याचा आग्रह यांसाठी त्या ओळखल्या जातात.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

हेल यांचा जन्म इंग्लंडमधील लीड्स येथे झाला. त्यांचे बालपण यॉर्कशायरमधील रिचमंड या गावी गेले. आईवडील दोघेही शिक्षकी पेशातील होते. हेल तेरा वर्षांच्या असताना वडिलांचे आकस्मिक निधन झाले. त्यानंतर आईने प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका म्हणून कुटुंब सावरले. केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयातून १९६६ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी प्रथम श्रेणीत संपादन केली. १९६९ मध्ये त्या बॅरिस्टर झाल्या.

कारकीर्द

१९६६ पासून अठरा वर्षे हेल यांनी मँचेस्टर विद्यापीठात कायद्याचे अध्यापन केले. प्रत्यक्ष वकिली मात्र अल्पकाळच केली. १९८४ मध्ये त्यांची विधी आयोगावर नियुक्ती झाली. आयोगाच्या त्या पहिल्या महिला सदस्य होत्या. बालकाचे हित सर्वोपरी मानणाऱ्या १९८९ च्या बालक कायद्याच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा आहे.

१९९४ मध्ये त्या उच्च न्यायालयाच्या कुटुंब विभागात न्यायाधीश झाल्या. वकिलीऐवजी अध्यापन आणि लोकसेवा या मार्गाने तेथवर पोहोचणे त्या काळी अपूर्व होते. १९९९ मध्ये त्यांची अपील न्यायालयात बढती झाली. २००४ मध्ये त्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायपीठावर पहिल्या महिला ‘लॉ लॉर्ड’ म्हणून रुजू झाल्या. २००९ मध्ये या पीठाची जागा सर्वोच्च न्यायालयाने घेतली. तेथे २०१७ मध्ये जिल ब्लॅक यांची नियुक्ती होईपर्यंत हेल या एकमेव महिला न्यायाधीश होत्या.

महत्त्वाचे निवाडे

विवाहपूर्व करारासंबंधीच्या रॅडमाखर खटल्यात (२०१०) नऊ न्यायाधीशांपैकी केवळ हेल यांनी भिन्नमत नोंदविले. अशा करारांमुळे आर्थिकदृष्ट्या दुर्बल जोडीदाराचे, म्हणजे बहुधा पत्नीचे, संरक्षण कमी होते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. येमशॉ खटल्यात (२०११) ‘घरगुती हिंसा’ या संज्ञेत केवळ मारहाणच नव्हे, तर धाकदपटशा आणि मानसिक छळ यांचाही समावेश होतो, असा निर्णय त्यांनी दिला. त्यामुळे अंगाला हात न लागताही घर सोडावे लागलेल्या स्त्रियांचा शासकीय निवासासाठीचा दावा बळकट झाला. २४ सप्टेंबर २०१९ रोजी त्यांच्या अध्यक्षतेखालील अकरा न्यायाधीशांच्या पीठाने संसद स्थगित करण्याचा पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचा सल्ला एकमताने बेकायदा ठरविला.

न्यायव्यवस्थेतील वैविध्य

ब्रिटनमध्ये १९१९ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीची दारे उघडली. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्येच ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा दिली होती. बॅरिस्टर होण्यासाठी मात्र त्यांना या कायद्याची वाट पाहावी लागली. दारे उघडल्यानंतरही सर्वोच्च पीठापर्यंत स्त्री पोहोचण्यास आणखी ८५ वर्षे लागली.

न्यायालय समाजाचे प्रतिबिंब असले, तरच लोकांना ते आपले वाटेल, अशी हेल यांची भूमिका आहे. स्त्री न्यायाधीश सर्वच प्रकरणांत वेगळा निर्णय देईल, असा त्यांचा दावा नाही; परंतु जीवनानुभवांची विविधता निर्णयप्रक्रिया समृद्ध करते, असे त्या मानतात. त्यांच्या मते वैविध्याचा प्रश्न लिंगापुरता मर्यादित नसून वंश, सामाजिक स्तर, शिक्षण आणि व्यवसायाची पार्श्वभूमी यांच्याशीही निगडित आहे. समान गुणवत्तेच्या दोन उमेदवारांतून निवड करताना वैविध्याचा विचार करण्याची मुभा २०१३ च्या कायद्याने दिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये हेल, ब्लॅक आणि मेरी आर्डेन या एकत्र बसल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय पीठात प्रथमच स्त्रियांचे बहुमत झाले.

हेल यांनी २०१० ते २०१२ या काळात आंतरराष्ट्रीय महिला न्यायाधीश संघटनेचे अध्यक्षपद भूषविले.

लेखन

मानसिक आरोग्यविषयक कायद्यावरील त्यांचा ग्रंथ प्रमाणभूत मानला जातो. ‘वुमेन अँड द लॉ’ (१९८४) हे पुस्तक त्यांनी सुझन ॲटकिन्स यांच्यासह लिहिले. ‘स्पायडर वुमन’ हे त्यांचे आत्मकथन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१९ च्या निकालवाचनाच्या वेळी त्यांनी लावलेले कोळ्याच्या आकाराचे पदक विशेष गाजले होते. स्त्रिया कोणत्याही कार्यास समर्थ आहेत, अशा अर्थाचे लॅटिन ब्रीदवाक्य त्यांनी आपल्या मानचिन्हासाठी निवडले आहे.