हातातून सुटलेला दिवा

दिवाळी आली की आपण दारात आकाशकंदील लावतो. वारा आला की तो हलतो, पण दोरीला बांधलेला असतो. अलीकडे बाजारात उडता कंदीलही मिळतो. कागदाची मोठी पिशवी, खाली तारेची किंवा बांबूची कडी आणि मधोमध मेणात भिजवलेला तुकडा. तो पेटवला की आतली हवा तापून हलकी होते आणि कंदील वर जातो. याला दोरी नसते. आज आम्ही याचीच गोष्ट सांगणार आहोत.

हा कंदील मूळचा चीनचा. तिथे त्याला कोंगमिंग दिवा म्हणतात. कोंगमिंग म्हणजे तिसऱ्या शतकातला मुत्सद्दी झुगे लियांग. शत्रूने वेढल्यावर त्याने असा दिवा सोडून मदत मागवली, अशी दंतकथा आहे. तैवानच्या पिंगशी भागातले लोक वेगळी आठवण सांगतात. डाकूंच्या भीतीने माणसं डोंगरात लपत. संकट टळलं की गावातून दिवे सोडून त्यांना कळवत, ‘आता घरी या.’ म्हणजे हा दिवा मुळात निरोप होता. पुढे तो सणाचा झाला आणि मग जगभर विकला जाऊ लागला.

ब्राझीलमध्येही जून महिन्यातल्या सणात आगीचे कागदी फुगे सोडायची जुनी चाल होती. जंगलं आणि वस्त्या पेटण्याच्या धोक्यामुळे १९९८ च्या कायद्याने तो गुन्हा ठरला.

इंग्लंडमध्ये स्मेथिक इथे ३० जून २०१३ च्या रात्री असाच एक कंदील भंगार प्लॅस्टिकच्या कारखान्यात पडला. तो पडताना कॅमेऱ्यात दिसला. सुमारे एक लाख टन माल पेटला आणि आग विझवायला दोनशेहून जास्त जवान लागले.

जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहराची गोष्ट तर आम्हाला विसरता येत नाही. १ जानेवारी २०२० च्या मध्यरात्री तिथल्या प्राणिसंग्रहालयातलं माकडांचं घर जळालं. तीसहून जास्त मुके जीव गेले. कंदील सोडले होते एका आईने आणि तिच्या दोन मुलींनी, नव्या वर्षाच्या शुभेच्छा म्हणून. बातमी कळताच त्या स्वतः पोलिसांकडे गेल्या. त्या राज्यात २००९ पासून या कंदिलांवर बंदी होती. पण कंदील इंटरनेटवर सहज विकत मिळाले आणि बंदीची त्यांना कल्पनाच नव्हती. कायदा कागदावर होता, घरापर्यंत पोहोचला नव्हता.

आपल्याकडे मुंबई पोलिसांनी दिवाळीच्या सुमारास उडत्या कंदिलांची विक्री, साठवण आणि वापर यांवर वेळोवेळी बंदी घातली आहे. पण शहरापेक्षा गावात धोका कमी आहे, असं समजू नका. दिवाळीत सोयाबीनची सुडी शेतात असते, ऊस उभा असतो, गोठ्याशेजारी वैरणीची गंजी असते. वाऱ्याने कंदील कलंडला तर तो जळतच खाली येतो. विझून पडला तरी त्याची तार चाऱ्यात मिसळते आणि गाईम्हशीच्या पोटात जाऊन जीव घेऊ शकते. आपण सोडलेला कंदील कुणाच्या शेतात पडला, हे आपल्याला कळतही नाही.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. उडता कंदील विकत घेऊ नका, मुलांना देऊ नका. लग्नात, वाढदिवसाला कुणी आणला तर तिथेच थांबवा. गंजीजवळ दिवा किंवा फटाका नको. पाण्याची बादली आणि वाळू हाताशी ठेवा. आग लागली तर आधी माणसं बाहेर काढा, जनावरांची दावी सोडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. गवतात तार दिसली तर उचलून बाजूला करा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. क्रेफेल्डच्या त्या मायलेकींना हे वेळेवर सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. आपल्या गावात सांगायला आपण आहोत.