लॉकच्या राज्यशासनविषयक निबंधांचा लेखनकाल

राजा व प्रजा यांजमध्यें मूळचा करार आहे आणि राजानें तो मोडिल्यास प्रजा आज्ञापालनाच्या बंधनांतून मुक्त होते, या मताचा प्रमुख आचार्य म्हणून जॉन लॉकचें नांव घेतात. त्याचे राज्यशासनविषयक दोन निबंध 1689 च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावर साल 1690 आहे. विल्यम राजाचें सिंहासन दृढ व्हावें, असा हेतु प्रस्तावनेंत सांगितला आहे. यावरून 1688 ची राज्यक्रांति उरकल्यावर तिच्या समर्थनार्थ हा ग्रंथ रचिला गेला, असा समज पुष्कळ काळ रूढ होता. प्रस्तावनेच्या काळासच ग्रंथाचा काळ मानण्याची ही चूक आमच्या बखरींच्या अभ्यासकांसही अपरिचित नाहीं.

ग्रंथाचें अंतरंग पाहावें. पहिला निबंध आरंभापासून अखेरपर्यंत सर रॉबर्ट फिल्मर याच्या खंडनाचा आहे. फिल्मर वारला 1653 सालीं. राजसत्ता आदमापासून पितृहक्कानें चालत आली, असें प्रतिपादणारें त्याचें 'पॅट्रिआर्का' हें पुस्तक छापलें गेलें 1680 त. त्या वेळीं दुसऱ्या चार्ल्सचा कॅथलिक भाऊ जेम्स यास वारसाहक्कांतून वगळण्याचा वाद पेटला होता, आणि वगळूं पाहणाऱ्या पक्षाचा पुढारी जो शॅफ्ट्सबरी, त्याच्या आश्रयास लॉक होता. पीटर लॅस्लेट यानें आपल्या 1960 च्या आवृत्तींत, ग्रंथाचा बहुतेक भाग क्रांतीपूर्वीं कित्येक वर्षें लिहिला गेल्याचें दाखविलें. नेमक्या सालाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. तथापि 1679 ते 1683 ही मर्यादा आम्हांस ग्राह्य वाटते.

हा केवळ तारखांचा वाद नव्हे. 21 जुलै 1683 रोजीं ऑक्सफर्ड विद्यापीठानें ठराव करून, सत्ता मूळची लोकांची आहे, राजाप्रजांत करार असतो, इत्यादि मतें निंद्य ठरविलीं व तीं ज्यांत होतीं ते ग्रंथ आपल्या चौकांत जाळविले. लॉकची जागा त्याच विद्यापीठांत होती! त्याच वर्षीं अल्जर्नन सिडने याजवर राजद्रोहाचा खटला झाला. कायद्यानें दोन साक्षीदार अवश्य, मिळाला एकच. तेव्हां सिडनेच्या घरीं सांपडलेलीं, फिल्मरच्याच खंडनाचीं, कधीं न छापलेलीं पानें दुसऱ्या साक्षीदाराच्या जागीं धरण्यांत आलीं. लिहिणें हीही कृतिच, असें न्यायाधीश जेफ्रीजचें म्हणणें पडलें. 7 डिसेंबर 1683 रोजीं सिडनेचा शिरच्छेद झाला. लॉकच्या दप्तरांत तशींच पानें असलीं पाहिजेत. तो सप्टेंबरांतच हॉलंडास निसटला होता. 1684 त राजाज्ञेनें त्याची ऑक्सफर्डची जागाही गेली.

जेम्सनें मूळ करार मोडिला, असा ठराव कॉमन्स सभेनें 28 जानेवारी 1689 रोजीं केला. (तत्कालीन कागदांत वर्षारंभ 25 मार्चपासून धरीत, म्हणून तेथें 1688 आढळतें.) लॉर्डांच्या सभेंत असा करार मुळीं आहे काय, या प्रश्नावर 53 विरुद्ध 46 मतें पडलीं, आणि पुढें हक्कांच्या जाहीरनाम्यांत तो शब्द आलाच नाहीं. लॉक फेब्रुवारींत स्वदेशीं परतला. म्हणजे त्याचा ग्रंथ छापण्यापूर्वींच कराराची भाषा सभासदांच्या तोंडीं होती, आणि ती अर्ध्याअधिक लॉर्डांस मान्य असली तरी कायद्यांत लिहिण्याइतकी सर्वमान्य नव्हती.

असें असल्यामुळेंच कीं काय, लॉकनें ग्रंथावर नांव घातलें नाहीं, आणि जवळच्या स्नेह्यांनीं विचारलें असतां दाद दिली नाहीं. 1704 सालीं, मरणाच्या थोडें आधीं, मृत्युपत्राच्या पुरवणींत त्यानें तो आपला म्हणून मान्य केला व ऑक्सफर्डच्या बॉडली ग्रंथालयास दिला. 1683 त ग्रंथ जाळले तो चौक त्याच ग्रंथालयाचा.